रासायनिक बंध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवीच्या विज्ञानात रासायनिक बंधांची पहिली ओळख होते, अकरावीत ते सविस्तर येतात आणि पुढे सीईटी, नीट, जेईईपर्यंत पाठ सोडत नाहीत. विद्यार्थी आणि पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. व्याख्या तोंडपाठ असते, तरी "पण असं का होतं?" हे मनात राहतंच. त्याचं उत्तर मिळावं यासाठी हा खटाटोप आहे. वाचताना एक सूत्र धरून ठेवा: बंधाचा प्रकार कोणताही असो, मुळाशी हिशेब विद्युत आकर्षणाचा आणि ऊर्जेचाच असतो.

रासायनिक बंध म्हणजे नेमकं काय?

अणूच्या मध्यभागी धनप्रभारित केंद्रक असतं आणि भोवती ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन. दोन अणू जवळ आले की प्रत्येक केंद्रक समोरच्या अणूचे इलेक्ट्रॉन ओढू लागतं. त्याच वेळी केंद्रकं एकमेकांना ढकलतात आणि इलेक्ट्रॉनही एकमेकांना ढकलतात. या ओढाताणीत एखाद्या अंतरावर दोघांची मिळून ऊर्जा सुट्या अणूंपेक्षा बरीच कमी होत असेल, तर अणू त्या अंतराच्या आसपास टिकून राहतात. यालाच आपण बंध म्हणतो.

हायड्रोजनच्या रेणूत हे अंतर ७४ पिकोमीटर आहे. एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. अणू याहून जवळ ढकलले तर ऊर्जा झपाट्याने वाढते, लांब ओढले तरी वाढते. वर्गातल्या प्रतिकृतीत दोन गोळ्यांमध्ये काडी खोचलेली असते, त्यामुळे बंध ताठ असावा असं वाटतं. प्रत्यक्षात अणू त्या ठरलेल्या अंतराभोवती सतत कंप पावत असतात.

अष्टक पूर्ण करायचं असतं म्हणून अणू बंध तयार करतात, हे बरोबर आहे ना?

अष्टक म्हणजे अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन. हे लक्षात ठेवायला सोपं आहे, पण कारण म्हणून अपुरं आहे. सोडिअम "आनंदाने" इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरिन तो "आनंदाने" घेतो, असं शिकवलं जातं. आकडे काय सांगतात ते पाहू.

वायुरूप सोडिअमच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं ठरावीक मोठ्या संख्येचं माप) ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते. तो इलेक्ट्रॉन क्लोरिनला दिला की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलचा तोटा आहे! दोन्ही आयनांचं, म्हणजे प्रभार आलेल्या अणूंचं, अष्टक पूर्ण झालं, तरी हिशेब तोट्याचाच. तो फायद्यात कधी येतो? धन आणि ऋण आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिकात रचले जातात तेव्हा. वायुरूप आयनांपासून मिठाचा स्फटिक तयार होताना मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते आणि आधीचा सगळा खर्च भरून निघतो. या ऊर्जेला जालक ऊर्जा म्हणतात. मीठ तयार होण्याचं खरं कारण ती आहे.

ऑक्सिजनचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. ऑक्सिजनच्या अणूला पहिला इलेक्ट्रॉन मिळाला की ऊर्जा बाहेर पडते. दुसरा मात्र बळजबरीने घालावा लागतो, कारण आता तो ऋण आयनात शिरत असतो आणि ढकलला जातो. अष्टक पूर्ण असलेला ऑक्साइड आयन एकटा, मोकळ्या अवस्थेत टिकतच नाही. मॅग्नेशिअम ऑक्साइडच्या स्फटिकात तो टिकतो, कारण चहूबाजूंनी मॅग्नेशिअमचे दुहेरी धनप्रभार असलेले आयन त्याला धरून असतात.

अष्टक नियम कामाचा नाही, असा याचा अर्थ नाही. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांच्या बाबतीत तो क्वचितच फसवतो. पण तो निरीक्षणांवरून बांधलेला आडाखा आहे. अणूला इच्छा नसते. "अणूला स्थैर्य हवं असतं" असं लिहून थांबणाऱ्या विद्यार्थ्याने "एकूण ऊर्जा कमी होते म्हणून" एवढं पुढे जोडावं, असं मला कळकळीने वाटतं.

बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते ना?

नाही. या धड्यातला सर्वांत चिवट गैरसमज हाच आहे, आणि तो पदवीपर्यंत टिकलेला दिसतो. बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावी लागते आणि बंध तयार होताना ऊर्जा बाहेर पडते. विहिरीच्या तळाशी असलेली बादली वर काढायला जोर लागतो, तसं हे आहे: बंधातले अणू ऊर्जेच्या तळाशी असतात, त्यांना सुटं करायचं तर वर ओढावंच लागतं.

मग इंधन जळताना उष्णता येते कुठून? स्वयंपाकघरात पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. त्याचा एक रेणू जळताना ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. मोलमागे सरासरी बंध ऊर्जा घेऊन हिशेब करू. मिथेनमधले चार कार्बन–हायड्रोजन बंध तोडायला ४ × ४१३ म्हणजे १६५२ किलोज्यूल लागतात. ऑक्सिजनचे दोन दुहेरी बंध तोडायला २ × ४९८ म्हणजे ९९६. एकूण खर्च २६४८. आता नवे बंध: कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंध, २ × ७९९ म्हणजे १५९८. पाण्याच्या दोन रेणूंत चार ऑक्सिजन–हायड्रोजन बंध, ४ × ४६३ म्हणजे १८५२. एकूण जमा ३४५०. जमेतून खर्च वजा केला की ८०२ किलोज्यूल उरतात, आणि पाण्याची वाफ होते असं धरून मिथेनची मोजलेली ज्वलन उष्णताही जवळपास तेवढीच भरते.

म्हणजे तुटलेले बंध तुलनेने कमकुवत होते, तयार झालेले अधिक भक्कम आहेत, आणि फरकातून तुमचा कुकर शिट्टी देतो. गॅस पेटवायला ठिणगी का लागते, हेही इथेच कळतं: सुरुवातीचे बंध मोडायची ऊर्जा आधी कुणीतरी द्यावी लागते.

जीवशास्त्रात एटीपीच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या, "उच्च-ऊर्जा बंधा"बद्दल वाचताना हेच आठवा. फॉस्फेटचा बंध तुटल्यामुळे ऊर्जा मिळते, हे अर्धंच वाक्य आहे. पाण्याशी होणाऱ्या त्या संपूर्ण अभिक्रियेत जे नवे बंध आणि जी नवी रचना तयार होते, त्यांचा हिशेब धरला तरच ऊर्जा शिल्लक पडते.

बंधांचे प्रकार किती?

शालेय पातळीवर तीन मुख्य प्रकार आहेत: आयनिक (धन आणि ऋण आयनांमधला), सहसंयुज (इलेक्ट्रॉन सामायिक करणारा) आणि धातू बंध. सहसंयुज बंधाचाच एक उपप्रकार म्हणजे सहसमन्वय बंध. रेणू-रेणूंमधली ओढ ही वेगळी बाब आहे. त्यात हायड्रोजन बंध आणि व्हॅन डर वाल्स बलं येतात. या कप्प्यांच्या भिंती पातळ आहेत. बहुतेक पदार्थ दोन कप्प्यांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

मिठाचा रेणू असतो का?

आपण खातो त्या मिठात नसतो. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. कोणता सोडिअम कोणत्या क्लोराइडचा, असं बोट ठेवून सांगता येत नाही. सूत्र फक्त एकास एक हे प्रमाण सांगतं. म्हणून "सोडिअम क्लोराइडचा रेणू" असं न लिहिता "सूत्र एकक" लिहावं. अतिशय उच्च तापमानाला मिठाची वाफ केली, तर मात्र तिच्यात सोडिअम आणि क्लोरिनच्या सुट्या जोड्या आढळतात.

मीठ वितळायला ८०१ अंश लागतात, मग ते पाण्यात इतक्या सहज कसं विरघळतं?

वितळवताना आयनांना केवळ उष्णतेच्या जोरावर मोकळं व्हावं लागतं. पाण्यात त्यांना पर्यायी आधार मिळतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन असते. पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू सोडिअमकडे आणि हायड्रोजनची बाजू क्लोराइडकडे करून त्यांना घेरतात. स्फटिक मोडायला लागणारी जवळपास सगळी ऊर्जा या घेरण्यातून परत मिळते. किंचित कमी पडते, म्हणून मीठ विरघळताना पाणी अगदी थोडं थंड होतं. ती तूट असूनही मीठ विरघळतं, कारण आयन पाण्यात विखुरल्यावर त्यांच्या रचनेच्या शक्यता कितीतरी पटींनी वाढतात.

सगळेच आयनिक पदार्थ पाण्यात विरघळतात, असं मात्र समजू नका. बेरिअम सल्फेट जवळजवळ विरघळत नाही. पोटाच्या एक्स-रेसाठी रुग्णाला ते पाजतात ते याच भरवशावर, कारण विरघळलेला बेरिअम आयन विषारी असतो.

उलट दिशेने, मुंबई परिसरातल्या किंवा उरण-पेणच्या मिठागरांत पाणी उन्हाने आटत जातं तसे आयनांना घेरायला पाण्याचे रेणू अपुरे पडतात आणि स्फटिक पुन्हा जुळतो. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, पोटॅशिअम, सल्फेट असे सगळे आयन एकाच वेळी खाली बसत नाहीत. जिप्सम आधी बसतं, मग मीठ, आणि मॅग्नेशिअमचे क्षार मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतात.

आयनिक पदार्थ कठीण असूनही का फुटतात? आणि वीज केव्हा वाहून नेतात?

हातोडीचा घाव बसला की आयनांचा एक थर किंचित सरकतो. धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, थर एकमेकांना ढकलतात आणि स्फटिक सरळ रेषेत चिरतो. खडेमीठ फोडून पाहा, सपाट बाजू दिसतील.

विजेसाठी प्रभार हलायला हवेत. घन मिठात आयन जागच्या जागी जखडलेले असतात, त्यामुळे वीज वाहत नाही. वितळलेल्या मिठात किंवा द्रावणात ते मोकळे होतात आणि वीज वाहते.

सहसंयुज बंधात इलेक्ट्रॉनची "भागीदारी" म्हणजे काय होतं?

१९१६ साली अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट ल्युईस यांनी मांडलं की दोन अणूंमध्ये सामायिक असलेली इलेक्ट्रॉनांची जोडी म्हणजे बंध. आपण वहीत काढतो ती ठिपक्यांची आकृती त्यांचीच. याच वर्षी जर्मनीत वाल्थर कोसेल यांनी आयनिक बंधाची मांडणी केली. पण जोडी सामायिक असल्याने अणू जोडलेले का राहतात, याचं उत्तर १९२७ मध्ये मिळालं. वाल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी नवे पुंज यांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स) वापरून हायड्रोजनच्या रेणूचं गणित मांडलं आणि बंध का टिकतो ते दाखवलं.

त्या गणिताचा सार असा: दोन अणूंचे इलेक्ट्रॉन ढग एकमेकांत मिसळतात तेव्हा इलेक्ट्रॉन एकाच केंद्रकापुरते मर्यादित राहत नाहीत, दोन्ही केंद्रकांच्या ओढीत येतात, आणि दोहोंच्या मधल्या जागेत त्यांची घनता वाढते. दोन्ही केंद्रकं या मधल्या ऋणप्रभाराकडे ओढली जातात. हायड्रोजनचा हा बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल लागतात.

एकाऐवजी दोन किंवा तीन जोड्या सामायिक झाल्या की दुहेरी आणि तिहेरी बंध होतात. अंतर कमी होतं, बळकटी वाढते, पण सरळ पटीत नाही. कार्बन–कार्बन एकेरी बंधाची ऊर्जा साधारण ३४७ किलोज्यूल, दुहेरीची ६१४, तिहेरीची ८३९. दुहेरी बंध एकेरीच्या दुप्पट नाही, कारण दुसऱ्या जोडीचे ढग समोरासमोर न भिडता बाजूबाजूने भिडतात आणि त्यांची पकड कमी असते. म्हणूनच इथीनसारखे रेणू आपला दुसरा बंध सोडून सहज अभिक्रिया करतात आणि त्यातून पॉलिथीन तयार होतं.

हवेत एवढा नायट्रोजन असून पिकांना युरिया का द्यावा लागतो?

हा प्रश्न शेतकरी कुटुंबातली मुलं हमखास विचारतात, आणि त्याचं उत्तर एका बंधात आहे. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जोडलेले असतात. तो तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. वनस्पतींकडे हा बंध तोडण्याचं साधन नाही.

हाबर-बॉश प्रक्रियेत नायट्रोजन आणि हायड्रोजन लोहाच्या उत्प्रेरकावरून ४०० ते ५०० अंश तापमानाला आणि वातावरणाच्या शेकडो पट दाबाखाली नेले जातात, तेव्हा अमोनिया मिळतो. त्यापासून युरिया बनतो. रायगड जिल्ह्यातल्या थळचा खत कारखाना हेच करतो. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचे अणू लोहाशी नवे बंध जोडत जातात, त्यामुळे जुना बंध एका झटक्यात तोडावा लागत नाही.

हरभरा, तूर, भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबिअम जिवाणू हेच काम शेतातल्या साध्या तापमानाला करतात. त्यांच्यातल्या नायट्रोजिनेज या विकरात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. पण फुकट तेही करत नाहीत, प्रत्येक रेणूमागे भरपूर एटीपी खर्च होतो आणि ती ऊर्जा झाडाने पुरवलेल्या साखरेतून येते. डाळवर्गीय पीक फेरपालटात घ्यावं या जुन्या शहाणपणामागचं रसायनशास्त्र हे आहे.

सहसंयुज पदार्थ कमी तापमानाला वितळतात, मग हिरा का नाही?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मेणबत्ती वितळते तेव्हा तिच्यातला एकही सहसंयुज बंध तुटत नाही. फक्त शेजारशेजारचे रेणू एकमेकांपासून सैल होतात, आणि त्यांच्यातली ओढ कमकुवत असते. पाणी उकळतं तेव्हाही ऑक्सिजन–हायड्रोजन बंध शाबूत राहतात, वाफ ही पाणीच असते. सहसंयुज बंध कमकुवत असतो, असा निष्कर्ष द्रवणांकावरून काढणं चूक आहे.

हिऱ्यात सुटे रेणू नसतातच. प्रत्येक कार्बन चार कार्बनांशी जोडलेला, असं जाळं संपूर्ण खड्यात पसरलेलं असतं. हिरा मोडायचा तर खरे बंध तोडावे लागतात.

ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तिघांशीच जोडलेला असतो. एका थरात अंतर १४२ पिकोमीटर, म्हणजे हिऱ्यातल्या १५४ पेक्षाही कमी. दोन थरांमध्ये मात्र ३३५ पिकोमीटर. थरातली पकड जबरदस्त, थराथरांतली नाममात्र, म्हणून पेन्सिल कागदावर उमटते. उरलेला चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो, त्यामुळे ग्रॅफाइट वीज वाहून नेतं आणि साध्या सेलमध्ये कार्बनची कांडी म्हणून वापरलं जातं.

विद्युतऋणतेचा फरक १.७ पेक्षा जास्त असेल तर बंध आयनिक, हा नियम पक्का आहे का?

अजिबात नाही. विद्युतऋणता म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची अणूची क्षमता. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये तिची मोजपट्टी मांडली. फ्लोरिन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, सोडिअम ०.९३ असे तिच्यावरचे आकडे आहेत. १.७ ही सीमारेषा सोयीसाठी आखलेली आहे. ती कुठे फसते ते पाहा.

हायड्रोजन आणि फ्लोरिन यांच्यातला फरक १.७८ आहे. नियमाने हायड्रोजन फ्लोराइड आयनिक ठरायला हवं. प्रत्यक्षात ते सुट्या रेणूंचं बनलेलं आहे आणि १९.५ अंशांनाच उकळतं. सोडिअम आणि हायड्रोजन यांच्यातला फरक फक्त १.२७, नियमाने सहसंयुज. प्रत्यक्षात सोडिअम हायड्राइड हा आयनिक स्फटिक आहे आणि त्यात हायड्रोजन चक्क ऋण आयन असतो.

त्यामुळे "हा बंध आयनिक की सहसंयुज?" यापेक्षा "किती ध्रुवीय?" हा प्रश्न जास्त अर्थपूर्ण आहे. एका टोकाला नायट्रोजनचा रेणू, जिथे वाटणी अगदी सारखी. दुसऱ्या टोकाला सीझिअम फ्लोराइड. मध्ये बाकी सगळं जग. ॲल्युमिनिअम क्लोराइड हे या मधल्या पट्ट्यातलं ठळक उदाहरण: धातू आणि अधातूचं संयुग असूनही ते साधारण १८० अंशांनाच घनावस्थेतून थेट वायूत जातं. लहान आणि तिहेरी धनप्रभार असलेला ॲल्युमिनिअम आयन क्लोराइडचा मोठा, मऊ इलेक्ट्रॉन ढग आपल्याकडे ओढतो आणि बंधात सहसंयुज गुण येतो. कासिमिर फायान्स यांचे नियम हेच सांगतात.

धातू बंध कसा असतो?

धातूंच्या अणूंची बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरची पकड सैल असते. धातूच्या तुकड्यात हे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे न राहता सगळ्या तुकड्याचे होतात. मागे राहिलेले धन आयन ओळीने रचलेले असतात आणि सामायिक इलेक्ट्रॉन त्यांना एकत्र धरतात. या बंधाला दिशा नसते. थर सरकले तरी आकर्षण कायम राहतं, म्हणून मीठ फुटतं तिथे तांबं वाकतं.

पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर तांब्याचा पत्रा ठोकून घंगाळ किंवा हंडा घडवतात, ते थरांच्या या सरकण्यावरच. ठोकत गेलं की स्फटिकातले दोष एकमेकांत अडकतात आणि पत्रा कडक होतो, मग तो तापवून पुन्हा नरम करावा लागतो. तांब्यात कथिल मिसळून कासं केलं की वेगळ्या आकाराचे अणू थरांच्या वाटेत येतात आणि धातू मुळातच कठीण होतो.

सगळ्या धातूंची बळकटी सारखी नसते. सोडिअम ९८ अंशांना वितळतं आणि सुरीने कापता येतं, टंगस्टन ३४२२ अंशांपर्यंत टिकतं. पारा उणे ३९ अंशांपर्यंत द्रवच राहतो. पाऱ्याच्या जड केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉनांचा वेग इतका असतो की सापेक्षतावादाचे परिणाम दिसू लागतात, बाहेरचे इलेक्ट्रॉन आत ओढले जातात आणि सामायिक होण्यास फारसे मोकळे राहत नाहीत.

सहसमन्वय बंध वेगळा कसा?

सामायिक जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच अणूने दिलेले असतात, एवढाच फरक. बंध तयार झाल्यावर तो इतर सहसंयुज बंधांसारखाच असतो. अमोनिअम आयनातले चारही नायट्रोजन–हायड्रोजन बंध तंतोतंत सारखे आहेत, चौथा कोणता ते ओळखता येत नाही.

तुमच्या रक्तात हा बंध प्रत्येक श्वासाला काम करतो. हिमोग्लोबिनमधल्या लोहाला चार नायट्रोजन अणू एका चकतीसारख्या रचनेत धरून असतात, पाचवा नायट्रोजन प्रथिनातून येतो आणि सहाव्या जागी ऑक्सिजन बसतो. हा बंध मुद्दाम सैल आहे, कारण फुप्फुसात घेतलेला ऑक्सिजन पेशींपाशी सोडायचा असतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्टपणे बसतो आणि लवकर हलत नाही. थंडीत दार-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. या वायूला वास नसतो, रंग नसतो.

एकाच पदार्थात अनेक प्रकारचे बंध असू शकतात का?

असतात, आणि मोरचूद हे त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण आहे. द्राक्षबागायतदार केवडा या रोगाविरुद्ध बोर्डो मिश्रण फवारतात, त्यासाठी मोरचूद आणि चुना लागतो. या निळ्या स्फटिकात तांब्याचे आणि सल्फेटचे आयन आहेत, तो आयनिक बंध. सल्फेटच्या आत गंधक आणि ऑक्सिजन सहसंयुज बंधांनी जोडलेले आहेत. प्रत्येक तांब्याच्या आयनामागे पाण्याचे पाच रेणू असतात. त्यातले चार तांब्याला सहसमन्वय बंधांनी धरलेले असतात आणि पाचवा हायड्रोजन बंधांनी अडकलेला असतो.

प्रयोगशाळेत परीक्षानळीत मोरचूद तापवलं की पाणी निघून जातं आणि निळा रंग उडून पांढरी पूड उरते. गार झाल्यावर थेंबभर पाणी टाका, निळा रंग लगेच परततो. तांब्याभोवती पाण्याचे बंध असतील तरच तो निळा असतो. शाळेत हा प्रयोग झाला नसेल तर शिक्षकांना आग्रह करा. मोरचूद विषारी आहे, घरी करू नका.

हायड्रोजन बंध हा खरा बंध आहे का?

ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लोरिनला जोडलेला हायड्रोजन किंचित धन होतो आणि शेजारच्या रेणूतल्या अशाच अणूच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन जोडीकडे ओढला जातो. पाण्यात या ओढीची ऊर्जा मोलमागे २० किलोज्यूलच्या आसपास असते. रेणूतल्या ऑक्सिजन–हायड्रोजन बंधाच्या ४६३ पुढे ती किरकोळ वाटते, पण परिणाम बघा. गंधक ऑक्सिजनच्या खालीच बसतो, तरी हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांनाच उकळतो. पाणी १००पर्यंत थांबतं. हे बंध नसते तर पृथ्वीवर द्रव पाणी नसतं.

बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेला असतो आणि या रचनेत मध्ये पोकळ्या राहतात. म्हणून बर्फाची घनता ०.९१७ आणि तो तरंगतो. डीएनएच्या दोन साखळ्याही याच बंधांनी जुळतात: ॲडेनिन आणि थायमिनमध्ये दोन, ग्वानिन आणि सायटोसिनमध्ये तीन. साखळीच्या लांबीत ते भक्कम सहसंयुज, आणि दोन साखळ्यांमध्ये हे सैल. पेशी विभागताना साखळ्या उलगडता येतात त्या यामुळेच.

व्हॅन डर वाल्स बलं इतकी क्षीण असतील तर महत्त्वाची का?

कारण ती सगळीकडे असतात आणि त्यांची बेरीज होते. इलेक्ट्रॉन ढग क्षणभर एका बाजूला झुकला की शेजारचा ढगही झुकतो आणि ओढ निर्माण होते. ढग जितका मोठा तितकी ओढ जास्त. म्हणून क्लोरिन वायू, ब्रोमिन द्रव आणि आयोडिन घन.

भिंतीवरची पाल छताला उलटी चिकटून चालते. तिच्या पायाखाली डिंक नसतो. बोटांवर सूक्ष्म केसांची दाटी असते, प्रत्येक केसाला शेकडो फाटे असतात आणि ते भिंतीच्या इतके जवळ पोचतात की ही क्षीण बलं मिळून तिचं वजन पेलतात.

अष्टक नियमाचे अपवाद कोणते?

बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन. सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये ठिपके मोजले तर गंधकाभोवती बारा. नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण इलेक्ट्रॉन विषम, त्यामुळे अष्टक जमणारच नाही.

सगळ्यांत मोठा धक्का १९६२ मध्ये बसला. राजवायू कुणाशीच संयोग करत नाहीत असं तोवर मानलं जात होतं. नील बार्टलेट यांच्या लक्षात आलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढू शकतं, आणि झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला जवळपास तेवढीच ऊर्जा लागते. त्यांनी दोन्ही एकत्र केले आणि झेनॉनचं संयुग मिळालं. अष्टक पूर्ण असलेल्या अणूने बंध केला, तो ऊर्जेचा हिशेब जमला म्हणून.

आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजनही ठिपक्यांच्या आकृतीला जुमानत नाही. आकृतीत सगळे इलेक्ट्रॉन जोडीने दिसतात, पण द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अडकून राहतो, म्हणजे त्यात दोन एकटे इलेक्ट्रॉन आहेत. हे समजायला अकरावीतला रेणू-कक्षक सिद्धांत लागतो.

बंध प्रत्यक्ष कुणी पाहिला आहे का?

२००९ मध्ये झुरिचजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत पेंटासीनच्या एका रेणूची प्रतिमा मिळवली गेली. अतिशय बारीक सुईच्या टोकाला कार्बन मोनॉक्साइडचा एकच रेणू बसवून ती रेणूवरून फिरवली आणि सुईवर जाणवणारं बल नोंदवलं. प्रतिमेत पाचही षट्कोनी कडी स्पष्ट दिसतात.

परीक्षेत बंधाचा प्रकार पटकन कसा ओळखायचा?

धातू आणि अधातू असेल तर आधी आयनिक धरा, दोन्ही अधातू असतील तर सहसंयुज, धातू आणि मिश्रधातूंसाठी धातू बंध. मग तीन ठिकाणी थांबून पाहा. ॲल्युमिनिअम क्लोराइड आणि बेरिलिअम क्लोराइड यांत सहसंयुज गुण ठळक आहेत. अमोनिअम क्लोराइडमध्ये एकही धातू नाही, तरी ते आयनिक आहे. आणि सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट दिसलं की बाहेर आयनिक, आत सहसंयुज असं दोन्ही लिहा. हायड्रोजन बंध विचारला असेल तर हायड्रोजन थेट फ्लोरिन, ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला जोडलेला आहे का, एवढंच तपासा. मिथेनमध्ये हायड्रोजन चार आहेत, पण हायड्रोजन बंध एकही नाही.